जिराफाचा रेट

धाकट्याच्या घरात एक खोली अशी होती की तिथे माणसांना फारसा मान नव्हता. मान होता टेबलाखालच्या काळ्या खोक्याला. त्याला ऊन लागू नये म्हणून खिडकीला जाड पडदा, धूळ बसू नये म्हणून दाराबाहेर चपला, आणि त्याच्या वायरीत झाडू अडकला की धाकट्याची बायको जी तणतणत बाहेर पडायची ती दोन दिवस त्या खोलीकडे ढुंकून बघायची नाही. "एवढी काळजी माझी घेतली असती तर," असं ती म्हणायची. पुढचं वाक्य तिनं कधी पुरं केलं नाही आणि धाकट्यानंही कधी विचारलं नाही. न विचारणं ही त्याची जुनी खोड होती, आणि ती त्याला किती महागात पडणार होती हे तेव्हा कुणाला ठाऊक!

ते खोकं म्हणजे खेळाचा सर्व्हर. दिवसा धाकटा एका विमा कचेरीत कॉम्प्युटरच्या जोडण्या सांभाळायचा, आणि संध्याकाळी सहा वाजले की घरी या खोक्यावर रणगाड्यांचा एक जुना खेळ चालवायचा. सोळा जागा. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरून येऊन बसायची. त्यांतला एक दातांचा डॉक्टर होता, त्याला सगळे 'दाढ' म्हणायचे. एक चोवीस-पंचवीस वर्षांचा उतावळा गडी होता, तो स्वतःला 'बुलेट' म्हणवून घ्यायचा. धाकट्याचं नाव होतं 'चौकीदार'. आणि 'जिराफ' म्हणजे धाकट्याचा सख्खा थोरला भाऊ, दादा.

हे जिराफ नाव धाकट्यानंच ठेवलेलं. दादा तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवत होता. जमिनीपासून बारा-तेरा मजले उंच काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजावरच्या लोखंडी पेट्या उचलायच्या आणि खाली उभ्या असलेल्या ट्रकवर अलगद ठेवायच्या. अलगद म्हणजे किती, तर ट्रकचा ड्रायव्हर आत डुलकी काढत असला तर त्याची झोप मोडायची नाही. दोरांवर लोंबणारी पेटी हुकमाची ताबेदार नसते. दांडा ओढला की ती क्षणभरानं ऐकते आणि मग झुलत राहते. त्यामुळे पेटी आत्ता कुठे आहे हे बघून भागत नाही, क्षणभरानं कुठे असेल ते बघावं लागतं. दादाला ते दिसायचं. खेळातही दिसायचं. पळणाऱ्या रणगाड्यावर सगळे गोळा झाडायचे, दादा तो रणगाडा जिथे पोचणार तिथे झाडायचा. छप्पन्नाव्या वर्षी शंभर गोळ्यांतले चाळीस लागायचे त्याचे, आणि बुलेटचे लागायचे पंचवीस.

हे आकडे सगळ्यांना पाठ असायचे, कारण दर महिन्याच्या एक तारखेला धाकटा कोणाचा नेम किती याची यादी लावायचा. यादी लावायची त्याला हौस. मुळात सर्व्हर चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्यात यादी हाती आली की उंट आणखी दोन हात उंच होतो.

दादा आणि धाकटा यांच्यात अंतर होतं तेरा वर्षांचं. वडील लवकर गेले, त्यामुळे धाकट्याला शिकवलं दादानं, पहिला कॉम्प्युटर घेऊन दिला तो दादानं, आणि लग्नात मुलीकडच्यांसमोर हात जोडून उभा राहिला तोही दादाच. एवढं सगळं झाल्यावर दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरलंच नव्हतं की काय कोण जाणे. फोनवर त्यांचं संभाषण तीन वाक्यांत आटपायचं. बरं आहे ना? बरं आहे. ठेवू मग? पण संध्याकाळी सहा ते सात दादा जिराफ होऊन सर्व्हरवर यायचा, आणि त्या तासात "डावीकडे बघ", "मागे मी आहे", "पळ, मी अडवतो त्याला" असं ते दोघं भरभरून बोलायचे. दोन भावांच्या गप्पा त्या एवढ्याच, पण रोजच्या.

आता त्या खोक्याच्या पोटातलं थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. धाकट्याच्या घरातून बाहेर जाणारी लाईन एक, खेळाडू सोळा. एका टाकीला सोळा नळ लावावेत तसं. कोण कुठे आहे, कोणाचा गोळा कुठे चाललाय ही खबर सर्व्हर प्रत्येकाला सेकंदाला कित्येक वेळा पाठवतो. ज्याची लाईन रुंद तो जास्त खबर झेलतो, ज्याची अरुंद तो कमी. म्हणून प्रत्येक खेळाडूचं मशीन आत येतानाच सांगतं, मला सेकंदाला एवढंच पाठव. त्या आकड्याला म्हणायचं रेट. आणि सर्व्हरवाल्याच्या हातात दोन कुलपं असतात. जास्तीत जास्त एवढंच देईन, हे एक. कमीत कमी एवढं देणारच, तू कितीही कमी माग, हे दुसरं.

दादा राहायचा बंदराच्या क्वार्टर्समध्ये. तिथली लाईन जुन्या तांब्याच्या तारेवरची, तीही अर्ध्या इमारतीची सामाईक. दादानं आपल्या स्वभावाप्रमाणे चार दिवस आकडे बदलून बघितले आणि शेवटी स्वतःचा रेट पाच हजार बाइटवर नेऊन ठेवला. बाकीचे वीस-तीस हजारांवर असायचे. पाच हजारांत त्याला खबर थोडी आणि उशिरा मिळायची, पण मिळायची ठरल्या वेळी. आणि ठरलेल्या उशिराची दादाला काय भीती? उभा जन्म त्यानं क्षणभर उशिरा ऐकणाऱ्या पेटीबरोबर काढला होता.

घोड्यानं पेंड खाल्ली ती सामन्याच्या वेळी. दुसऱ्या एका सर्व्हरच्या टोळीबरोबर सामना ठरला, आणि बुलेटनं महिनाभर आधीपासून भुणभुण लावली. "चौकीदार, आपल्या सर्व्हरवर मंद लायनीवाले बेडकासारखे उड्या मारतात. तिकडचे हसतील आपल्याला. किमान रेट वाढवून टाका ना. तुमच्यासारख्या माणसाला काय अवघड आहे?"

तुमच्यासारख्या माणसाला, असं कुणी म्हटलं की धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्यानं सामन्याच्या आधीच्या रविवारी सेटिंगची फाइल उघडली आणि किमान रेटच्या पुढचा पाच हजार खोडून वीस हजार केला. करताना दादाची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण त्याला वाटलं, दादा पहिल्यापासूनच हात आखडून वागणारा, साबणाची वडी संपत आली की तिला नव्या वडीला चिकटवणारा. लाईन सोसत असेल दहा-पंधरा हजार, यानं घाबरून पाच ठेवलाय. मिळेल जास्त तर खूशच होईल. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण विचारायचं कशाला? कॉम्प्युटरमधलं कळतं ते कुणाला, दादाला की आपल्याला?

सामना जिंकला. तिकडच्या टोळीनंसुद्धा कौतुक केलं, असा लोण्यासारखा सर्व्हर बघितला नाही म्हणाले. दादा सामन्यात नव्हता, त्याची त्या दिवशी पाळी होती. वाढवलेला आकडा तसाच राहिला. यशाला कोण हात लावतो?

अरुंद तोंडाच्या बाटलीत बादलीनं पाणी ओतलं तर काय होतं, ते पोरालाही कळतं. बाटली भरत नाही, पाणी सगळीकडे सांडतं. दादाच्या तारेवर तेच झालं. सर्व्हर त्याला झेपेल त्याच्या चौपट खबर ढकलत होता. ती मधेच तुंबायची, काही हरवायची, काही पाच-सहा एकदम येऊन आदळायच्या. उशीर आता ठरलेला राहिला नाही, लहरी झाला. समोरचा रणगाडा नाहीसा व्हायचा आणि भलतीकडेच उगवायचा. दादाचे गोळे भिंतीत जाऊ लागले.

पहिल्या महिन्याच्या यादीत जिराफाचा नेम चाळीसावरून एकोणीसवर आला. दुसऱ्या महिन्यात अकरा.

दादा तक्रार करणारा माणूस नव्हता. क्रेनवर चूक झाली तर आधी आपला हात बघायचा, मग दांडा, मग दोर, अशी त्याची शिस्त. खेळातही त्यानं आधी हातच बघितला. वहिनीनं नंतर सांगितलं, की तो सकाळी आरशासमोर दोन्ही हात पुढे धरून उभा राहायचा आणि बोटं थरथरतात का ते निरखायचा.

मग एका संध्याकाळी, खेळ ऐन रंगात असताना, सगळ्यांच्या कानात दादाचा आवाज आला. "चौकीदार, खरं सांग रे. माझा हात मंदावलाय का?"

धाकट्यानं तेव्हाच एक डाव मारला होता, बुलेट आणि दाढ वाहवा करत होते, आणि तो जरा हवेत होता. तो म्हणाला, "वय झालं दादा! आता रणगाडे सोड आणि नातवंडं खेळव."

सगळे हसले. दादाही हसला. थोड्या वेळानं जिराफाचं नाव पटावरून गेलं. त्यानंतर ते पुन्हा आलं नाही.

दीड महिन्यानं वहिनीचा फोन आला. दादानं स्वतःहून अर्ज देऊन क्रेन सोडली होती. बंदराच्या फाटकाजवळ ट्रकांचं वजन करणारा काटा असतो, तिथल्या खोलीत त्यानं काम मागून घेतलं होतं. "डॉक्टरनं सगळं ठीक आहे म्हणून लिहून दिलं होतं हो," वहिनी म्हणाली. "पण हे म्हणतात, डॉक्टर डोळे बघतो, कान बघतो, हाताचा अर्धा क्षण त्याला कुठे दिसतो? त्या खेळात दिसला म्हणे. चाळीसाचे अकरा झाले. खाली माणसं असतात, हाताची खात्री नसली तर वर बसू नये, असं म्हणतात." वहिनीच्या आवाजात अभिमान होता आणि रडूही होतं.

धाकट्याला वाईट वाटलं. त्यानं दादाला फोन केला. बरं आहे ना? बरं आहे. ठेवू मग?

अकरा महिने गेले.

मग सर्व्हरवर एक नवी खेळाडू आली. कुठल्याशा आडगावच्या शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळे तिला 'बाई' म्हणू लागले. आठवडाभर खेळून तिनं चौकीदाराला निरोप लिहिला. "माझी लाईन लहान आहे हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दोन सर्व्हरवर मी नीट खेळते, तुमच्याकडेच सगळं गोठतं आणि मग धावत सुटतं. माझा रेट मी सहा हजार ठेवलाय. तुम्ही तो मानता की नाही?"

गणिताच्या बाईच त्या, नेमका प्रश्न विचारला. असा प्रश्न धाकट्याला वर्षभरात कुणी विचारला नव्हता, आणि त्यानंही कुणाला विचारला नव्हता. त्यानं सर्व्हरचा तक्ता उघडला. प्रत्येक नावापुढे शंभरातली किती खबर तुंबली याचा एक आकडा असतो. बाकीच्यांच्या पुढे शून्य, एक, दोन. बाईंच्या पुढे सदुसष्ट. त्यानं किमान रेट पुन्हा पाच हजारांवर आणला आणि बाईंना म्हणाला, आता बघा. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "आता कसं छान! धन्यवाद."

ते धन्यवाद वाचता वाचता त्याला दादाचा पाच हजार आठवला.

सर्व्हर रोजच्या नोंदी साठवून ठेवतो. त्या त्यानं आजवर कधी उघडल्या नव्हत्या. आता उघडल्या. सामन्याच्या आधीचा रविवार येईपर्यंत जिराफाच्या पुढे रोज शून्य, फार तर एक. रविवारनंतर एकाहत्तर. अडुसष्ट. त्र्याहत्तर. दोन महिने, रोज, सहा ते सात. शेवटची ओळ त्या संध्याकाळची, जेव्हा सगळे हसले होते. त्या दिवशी चौऱ्याहत्तर होते. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याहत्तर खबरा तुंबलेल्या असताना दादानं शंभरातले अकरा गोळे लावले होते. हात मंदावलेला माणूस असं करू शकत नाही. धाकट्याला हे आता कळलं.

त्यानं तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी बायकोनं विचारलं, "जेवण का जात नाही तुम्हाला?" तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजींना सांगितलंत?"

"काय तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं वय झालं म्हणालात, त्याच तोंडानं. उठा."

तिनंच वहिनीला फोन लावून दिला, आणि त्यातून कळलं की वेळ अजून गेलेली नाही, पण जाण्याच्या बेतात आहे. क्रेनवरून उतरलेल्याला वर्षाच्या आत परत वर जाता येतं, हाताची परीक्षा द्यावी लागते एवढंच. वर्ष संपलं की तो परवानाच रद्द. दादाचं वर्ष शनिवारी पुरं होत होतं. परत यायचं का, असं विचारणारं कचेरीचं पत्र आलं होतं. "मी रोज समोर ठेवते, हे रोज बाजूला सरकवतात," वहिनी म्हणाली. "काट्याच्या खोलीतून दिवसभर मान वर करून क्रेनकडे बघत बसतात हो. मान दुखते म्हणून मला तेल लावायला सांगतात."

गुरुवारी धाकट्यानं रजा काढली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघाला. निघण्याआधी त्याच्या डोक्यात एक कल्पना आली आणि त्यानं ती अमलात आणली. इथेही त्यानं कुणाला काही विचारलं नाही. सर्व्हरवरच्या जुन्या मंडळींना त्यानं निरोप टाकला, की आज दुपारी चारला जमेल त्यानं या. जिराफ येतोय.

दादाची पाळी दोनला संपली होती. क्वार्टर्समधली ती दोन खोल्यांची जागा धाकट्याच्या ओळखीची होती. तीच लोखंडी खाट, तीच दारामागची छत्री. खिडकीतून क्रेनांच्या माना दिसत होत्या. धाकटा ताकाला जाऊन भांडं लपवत बसला. हवापाणी झालं, कचेरीच्या गोष्टी झाल्या, वहिनीनं दोनदा चहा केला. शेवटी दादाच म्हणाला, "बोल काय ते. पोटात काहीतरी घेऊन आलायस."

मग धाकटा बोलला. सगळं. बुलेटची भुणभुण, खोडलेला पाच हजार, लिहिलेला वीस हजार, बाटली आणि बादली, एकाहत्तर, अडुसष्ट, त्र्याहत्तर. नोंदींचे कागद छापून आणले होते ते खाटेवर मांडले. "दादा, तुझ्या हाताला काहीही झालं नव्हतं. मी तुझी लाईन तुंबवली होती. आणि तू विचारलंस तेव्हा मी थट्टा केली. चूक माझी होती."

वहिनी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

दादानं कागद उचलून बघितले. बराच वेळ बघितले. मग व्यवस्थित एकावर एक ठेवले आणि हसला. ते हसू रागाचं नव्हतं, हीच अडचण होती.

"वहिनीनं फोन केला तुला?"

"बोलणं झालं, पण त्यासाठी नाही. मला आधीच—"

"शनिवारचं सांगितलं?"

"दादा, तू ऐक तरी. हे खरं आहे."

"कागद छान छापलेत," दादा म्हणाला.

धाकट्यानं लॅपटॉप काढला. हातच्या काकणाला आरसा कशाला, आत्ता खेळूनच बघ म्हणाला. हीच तार, हीच लाईन, रेट पाच हजार. दादा नको नको म्हणत होता, पण वहिनीनं खुर्ची पुढे सरकवली तेव्हा बसला. हात गुडघ्यांवर पुसले आणि माऊस धरला.

मंडळी आली होती. दाढ होता, बुलेट होता, बाईसुद्धा शाळा सुटल्यावर आल्या होत्या. पट सुरू झाला. चित्र सुरेख चाललं होतं, तुंबलेल्या खबरांचा आकडा शून्य. दादानं रणगाडा डोंगराच्या कडेनं नेला. वर्षभरानं का होईना, त्याची चाल तीच होती, सावकाश आणि नेमकी. धाकट्याचा जीव जरा खाली बसला. समोरून दाढचा रणगाडा आला. दादानं नळी फिरवली, तो जिथे पोचणार होता तिथे धरली.

आणि दाढ थांबला. मैदानाच्या मधोमध, आडोसा नाही, काही नाही, नुसता उभा राहिला.

दाढ मनानं फार चांगला माणूस. एवढ्या दिवसांनी जिराफ आलाय, म्हातारा खूश होऊ दे, एवढंच त्याच्या मनात असणार. त्याला बाकी कशाची कल्पना नव्हती, कारण कल्पना धाकट्यानं दिलीच नव्हती.

दादाचं बोट बटणावर होतं. त्यानं ते दाबलं नाही. "हा उभा का राहिला?" त्यानं हळूच विचारलं.

"मला ठाऊक नाही. दादा, मी त्याला काही सांगितलं नाहीये."

"पण सगळे जमलेत बरे. गुरुवारी दुपारी चारला."

"मी फक्त या म्हटलं—"

"असू दे रे."

त्यानंतर तो वीस मिनिटं खेळला. बुलेटला दयामाया ठाऊक नव्हती, तो पळतच होता, आणि त्याच्यावर दादानं तीस-एक गोळे झाडले. लागले तीन. आता तार तुंबलेली नव्हती. पण प्रत्येक गोळ्याआधी दादा किंचित थांबत होता, स्वतःच्या हाताकडे बघत होता, आणि मगच दाबत होता. तेवढ्यात बुलेट निघून जायचा. हा अर्धा क्षण एका वर्षापूर्वी नव्हता. तो तिथे आला होता धाकट्याच्या यादीतून, धाकट्याच्या थट्टेतून, आणि आता तो खराच झाला होता. सेटिंगच्या कुठल्याही फाइलमध्ये जाऊन तो खोडता येणार नव्हता.

दादानं माऊस ठेवला. "बघितलंस? तीन."

"वर्षभर सवय नाही तुला! महिनाभर खेळ, परत चाळीस होतील."

"शनिवार परवा आहे," दादा शांतपणे म्हणाला. "आणि खाली माणसं असतात."

धाकट्याला हुंदका आवरला नाही. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, भावाच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडला. "तू मला शिव्या का देत नाहीस? मी केलंय हे. मी तुझी क्रेन घालवली."

दादानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू पहिल्यापासूनच असा. आठवतं? मी शेजाऱ्यांची काच फोडली होती, आणि तू चार वर्षांचा चिमुरडा, मी फोडली मी फोडली म्हणून रडत बसलास. बाबांना हसू आवरेना. तेव्हाही तुझं कुणाला खरं वाटलं नव्हतं." त्यानं कागदांकडे बोट दाखवलं. "एवढे कागद छापलेस. सगळ्यांना गोळा केलंस. माझ्यासाठी एवढं कोण करतं? मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं."

वहिनीनं डोळे पुसून धाकट्याकडे बघितलं, ते इतक्या मायेनं, की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

संध्याकाळी दादा त्याला पोचवायला फाटकापर्यंत आला. काट्याच्या खोलीपाशी दुसऱ्या पाळीचा एक क्रेनवाला वर चढण्याआधी हातमोजे घालत उभा होता. दादाबरोबर वीस वर्षं काम केलेला. दादानं धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला हाक मारली.

"हा माझा धाकटा. त्यानं माझा हात ठीक आहे असं सांगायला एक अख्खी गोष्ट रचून आणली. म्हणे चूक माझीच! पुरावेसुद्धा आणलेत गड्यानं."

"नशीबवान आहात दादा," तो क्रेनवाला म्हणाला. "आमचे भाऊ आमच्या चुका मोजतात."

दोघं हसले. धाकट्यानं सांगायला तोंड उघडलं, पण दादाचा चेहरा इतका खुलला होता, वर्षभरात पहिल्यांदाच खुलला असावा, की त्याला तो मोडवला नाही. तो क्रेनवाला शिडी चढू लागला. दादा मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर तसाच होता, जड आणि स्थिर, जराही न थरथरणारा.